उंबरा काढलेलं घर

हद्दू गिरणीवर दिसला की तिझगी गावातल्या बायका डोक्यावरची पोती तशीच घेऊन मागं फिरायच्या. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या वाटेला जाणारा नव्हता, की कुणाच्या पोत्यातलं मूठभर जव उचलणारा नव्हता. पण ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या त्या गिरणीच्या दाराशी तो दगडावर बसायचा, आणि कोण आधी आलं, कोण मागनं आलं, ते त्याच्या डोक्यात खिळ्यानं ठोकल्यासारखं पक्कं असायचं. एखादी म्हणायची, "माजं पोर घरात रडतंय, मला आधी घालू द्या." हद्दू म्हणायचा, "बाकीच्यांची पोरं काय घरात नाचत्यात व्हय? बस खाली."

बाजाराच्या दिवशी न्हाव्याकडं तेच. खालच्या गावच्या दवाखान्यात तेच. तिथं तर त्याची कुणाशी ओळख ना पाळख, तरी त्यानं आजारी माणसं भिंतीला लावून ओळीनं बसवली होती, आणि आतली नर्सबाई बाहेर येऊन विचारत होती की हा माणूस कुठल्या खात्याचा. एकदा तर दफनभूमीत दोन मयतं एकदम आली, तेव्हा हद्दू मधे उभा राहून म्हणाला, ज्याचा जीव आधी गेला त्याची माती आधी. दोन्ही घरची माणसं रडायची थांबून त्याच्याकडं बघत राहिली.

त्याची बायको तूदा म्हणायची, "जन्नतच्या दाराशी बी तुमी कुनाला सुखानं आत जाऊ द्यायचा न्हाय."

"सगळी एकदम घुसली तर दार मोडंल की," हद्दू म्हणायचा. तो चेष्टेत बोलत नव्हता.

पन्नाशी उलटलेला, काटक, एका गुडघ्यात कायमची कळ, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा लोकरी झगा उन्हाळ्यातही अंगावर. घरी वीस-पंचवीस मेंढ्या, एक खेचर, ओढ्याकाठी जवाचे दोन तुकडे. गावात त्याच्या शब्दाला वजन नव्हतं. पोरं त्याची नक्कल करायची, एवढंच काय ते त्याचं नाव. तो कधी गवताचा अमघार, म्हणजे राखण करणारा मुख्य, होईल असं कुणाला वाटलं नव्हतं, आणि त्याला स्वतःला तर मुळीच नाही.

पण रीतच तशी आहे. गावच्या डोक्यावर, खिंडीपलीकडं, झऱ्याच्या पाण्यावर वाढणारं मोठं कुरण आहे. त्याला अगदाल म्हणायचं. वसंतात ते बंद होतं आणि सीदी बूवाझाचा उरूस झाल्यावर उघडतं. मधल्या दिवसांत तिथं कुणाचं शेरडू चरायला जायचं नाही. गवताला फूल येऊ द्यायचं, बी धरू द्यायचं, बी मातीत पडू द्यायचं. हे सांभाळायला दर साली एक अमघार नेमतात. गावात तीन भावक्या, वरची, मधली आणि खालची. यंदा पाळी खालच्या भावकीची असली, तर माणूस खालच्या भावकीचा, पण निवडायचा बाकीच्या दोघींनी. आपला माणूस आपण निवडायचा नाही, दुसऱ्यांनी निवडायचा. आणि ज्याला निवडलं त्यानं नाही म्हणायचं नाही.

त्या साली वरची आणि मधली भावकी खळ्याच्या कडेला जाऊन बराच वेळ कुजबुजली, हसली, आणि परत येऊन म्हणाली, हद्दू.

म्हातारा हम्मू, ज्याला सगळं गाव दादा म्हणायचं, काठी टेकत पुढं आला. त्यानं ओल्या हिरव्या गवताची जुडी हद्दूच्या फेट्यात खोवली, दुधाचा वाडगा त्याच्या ओठाला लावला आणि म्हणाला, "घे बाबा. लई दिस गिरणीवर घालवलास. आता सगळ्या डोंगराची रांग लाव."

खळ्यावर जमलेलं गाव हसलं. हद्दू हसला नाही. फेट्यातल्या गवताचं पाणी त्याच्या कानामागं ओघळत होतं.

घरी आल्यावर तूदानं गवताकडं बघितलं. "तुमाला न्हाय म्हनता येत न्हवतं?"

"तशी रीत न्हाय."

"रीत. आन् आपली मेंढरं कोन बघनार? मीच ना?"

त्या दिवशी तूदा चहात साखर घालायला विसरली, आणि ती विसरणारी बाई नव्हती.

*

त्या साली डोंगरावर बर्फ पडलंच नाही म्हणा. उन्हाळा पुरता लागायच्या आत गावाखालची उतरणं तांबडी पडली. मेंढरं दगड चाटायला लागली. गावातल्या कुठल्याही घराच्या धाब्यावर उभं राहिलं की वर, खिंडीच्या खाचेतून, अगदालाची हिरवी कड दिसायची. ते दिसत नसतं तर निम्मी भांडणं झालीच नसती. पण ते दिसायचं. सकाळी दिसायचं, दुपारी दिसायचं, जेवताना दिसायचं.

मग माणसं हद्दूकडं यायला लागली. भांडायला कुणी यायचं नाही, सगळी प्रेमानं यायची. कुणाची गाढवी गाभण होती. कुणाच्या सासूनं नवस बोलला होता आणि नवसाचा बकरा उरसाच्या आत धष्टपुष्ट व्हायला हवा होता. मशिदीतल्या फकीहनंही निरोप धाडला की मदरशाची दोन मेंढरं आहेत, अल्लाच्या नावाची, ती काही कुणाच्या मोजणीत धरायची नसतात.

"उरूस झाल्यावर," हद्दू म्हणायचा.

"आरं, पन दोनच हायत."

"दोन असू द्यात. उरूस झाल्यावर."

वैताग त्याला एकाच गोष्टीचा यायचा. आलेला प्रत्येक जण म्हणायचा, अगदाल बंद पाहिजेच, बाबा, त्याबिगर गाव जगायचं न्हाय. झायदचं एक मेंढरू सोडू नकोस, वरच्या भावकीवर नजर ठेव, ती माणसं चोर हायत. आणि एवढं बोलून झाल्यावर आवाज बारीक करून म्हणायचा, माझं तेवढं बघ. हद्दूला वाटायचं, प्रत्येकाच्या तोंडावर एकेक आरसा बांधावा.

झायद आला तो सगळ्यात शेवटी. मधल्या भावकीतला हा सगळ्यात मोठ्या कळपाचा धनी. पायात शहरातले बूट, हातात फोन, बोलणं लोण्यासारखं. तो आणि हद्दू बरोबरीचे. दोघांची सुंता एकाच दिवशी, एकाच खळ्यावर झाली होती.

"तवा मात्र म्हनला व्हतास, झायदचा नंबर आधी," झायद बसता बसता म्हणाला.

हद्दूला हसू आलं, पण त्यानं ते चहाच्या पेल्यात लपवलं.

"हे बघ," झायद म्हणाला, "मी अडानी मानूस न्हाय. गवात कशापायी राखायचं ते मला ठाऊक हाय. पन माझ्या मेंढ्या गाभ टाकायला लागल्यात. रान वर हिरवंगार उभं आन् जनावर खाली मरतंय. समदी मेल्यावर ते गवात कुनी खायाचं? तू?"

"तुजी सोडली तर समद्यांची सुटतील."

"समद्यांना सांगायचं कशाला? पहाटं जायाचं, दिस वर यायच्या आत खाली यायाचं."

"मेंढरं लेंड्या टाकत्यात, झायद. लेंड्या सांगतील."

"मग मी झाडून घेतो."

"आन् तोंडानं खुडलेलं गवात? ते परत लावून देतोस?"

झायद उठला. दारात थांबून म्हणाला, "लहानपनी तू बरा व्हतास. तवा तुला मोजता येत न्हवतं."

दुसऱ्या दिवशी उजाडताना हद्दूनं दार उघडलं आणि पाय उचललेला तसाच मागं घेतला. उंबऱ्यावर रक्त. गरम, वाफ येणारं. एक मोठा, शिंगाळा, पांढरा मेंढा उंबऱ्यावर मान टाकून पडला होता, आणि गल्लीत झायद हातात सुरी घेऊन, डोकं उघडं टाकून उभा होता. फेटा त्यानं काढून खांद्यावर टाकला होता.

त्यानं आर टाकला होता. उंबऱ्यावर असं रक्त पडलं की त्या घराला नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं तर रक्त त्या घराच्या मागं लागतं, पोरंबाळं, गुरंढोरं, सगळ्यांच्या. आणि रक्ताचं राहू द्या, गाव तर मागं लागतंच. हे हद्दूच्या आज्यालाही ठाऊक होतं, हद्दूच्या खेचरालाही ठाऊक असावं. तूदा बादली घेऊन आली आणि मेंढ्याकडं बघत राहिली. तेवढं मटण त्या घरात दोन ईदांत मिळून शिजलं नव्हतं, आणि आर टाकलेलं मटण ज्याच्यावर टाकला त्यानं खायचं नसतं.

"फकीहकडं धाडा," ती म्हणाली. "त्याच्या दोन मेंढरांचा तरी राग जाईल." आणि फडकं घेऊन उंबरा पुसायला बसली.

हद्दू हम्मूच्या घरी गेला. म्हातारा धाब्यावर उन्हात पडला होता.

"दादा, रक्त पडलं."

"ऐकलं. पडलं म्हंजी पडलं. आता न्हाय म्हनता येत न्हाय."

"मग रान उघडू?"

"रान तुझं हाय का?"

"न्हाय."

"मग जे तुझं हाय ते दे. मानूस दारात मान टाकून आला तर तुझ्या घरातलं मागतोय असं धरायचं. शेजाऱ्याचं कसं देशील?"

हद्दूच्या घरी माळ्यावर वाळलेला लसूणघास आणि जवाचा भुसा होता. त्याच्या मेंढ्या उरसापर्यंत निघतील एवढाच. तो त्यानं सगळा खाली काढला. झायदनं दोन खेचरं आणली. भरताना तो जरा ओशाळला होता, पण माळा झाडून न्यायला विसरला नाही.

"मी रान मागितलं व्हतं," तो म्हणाला.

"रान माजं न्हाय."

तूदा रिकाम्या माळ्याकडं बघत म्हणाली, "आता आपल्या मेंढ्यांस्नी काय घालायचं? तुमच्या फेट्यातलं गवात?"

ते गवत तोवर वाळून पिवळं पडलं होतं.

*

हद्दूला वाटलं होतं, सुटलो. पुढच्या पहाटे त्यानं दार उघडलं तर गल्लीत तीन माणसं, तीन मेंढे घेऊन, एकामागं एक. पहिला दाराशी, दुसरा त्याच्या मागं, तिसरा वळणावर.

"हे काय?" हद्दूनं विचारलं.

"नंबरानं आलोय," पहिला म्हणाला. "तुला रांग आवडती म्हनून."

मागचे दोघं मान खाली घालून हसले. मेंढेही बिचारे शांत उभे होते.

आयुष्यभर ज्यानं माणसांना रांगेत उभं केलं, त्याच्या दारात पहिल्यांदा माणसं आपण होऊन रांगेत उभी राहिली, आणि ती रांग मोडायला. माळा रिकामा होता. आता त्याच्याकडं जे स्वतःचं उरलं होतं ते म्हणजे तूदा, खेचर, फासळ्या निघालेल्या मेंढ्या आणि गुडघ्याची कळ.

"थांबा जरा," तो म्हणाला आणि आत गेला. माणसांना वाटलं, रक्त धरायला वाडगा आणायला गेला असंल. तो पहार घेऊन आला.

उंबरा अख्ख्या दगडाचा होता. त्याच्या आज्यानं ओढ्यातनं ओढून आणलेला, मधोमध पायांनी झिजून खोलगट झालेला. हद्दूनं एका टोकाला पहार घातली, झग्याची टोकं कमरेला खोवली आणि रेटा दिला. माती सुटली. तूदा आतनं ओरडायच्या बेतात होती, पण तिचं तोंड उघडंच राहिलं. दुसऱ्या टोकाला पहार. दगड भिंतीतनं निखळला. हद्दूनं तो लोळवत लोळवत अंगणात नेला आणि पालथा घातला.

"घराला उंबरा न्हाय," तो धापा टाकत म्हणाला. "आता कापा कुठं कापायचं त्ये."

तिघं मेंढे ओढत हम्मूकडं गेले. म्हाताऱ्याला आधी खरंच वाटेना. मग तो हसला, हसता हसता खोकला लागला, खोकता खोकता डोळ्यांतनं पाणी आलं. शेवटी म्हणाला, "आर उंबऱ्यावर पडतो. उंबराच न्हाय तर पडायचा कुठं? जावा घरी. मेंढे वाचले तुमचे, चांगलं झालं म्हना."

गाव दोन दिवस हसलं आणि मग चिडलं. दाराचा उंबरा काढणारा माणूस म्हणजे पाहुण्याला नाही म्हणणारा माणूस. बायका पाणवठ्यावर तूदाला विचारायच्या, आता तुमच्या घरात यायचं म्हंजी कुठनं पाय उचलायचा गं? तूदाच्या घरात शेजारच्या कोंबड्या शिरायच्या, एक कुत्रं येऊन चुलीपाशी झोपायचं, वारा दाराखालनं धूळ घेऊन थेट पिठाच्या परातीत यायचा.

"तुमी एक वरीस सोसायचं म्हनला व्हता," ती म्हणाली. "घर पाडायचं म्हनला न्हवता."

हद्दू मग घरी राहिनाच. खिंडीत, अगदालाच्या तोंडाशी, गुराख्यांनी रचलेला दगडांचा एक आडोसा आहे. वर छप्पर नाही, पुढं दार नाही, त्यामुळं उंबऱ्याचा प्रश्न नाही. तिथं त्यानं घोंगडं टाकलं. तूदा एक दिवसाआड भाकरी आणि ताकाचं मडकं धाडायची, निरोप काही धाडायची नाही.

तिथं बसून त्याला विचार करायला वेळच वेळ होता, आणि विचार केला की वैतागच यायचा. समोर कुरण, गुडघ्याएवढं, वाऱ्यानं लवणारं. मागं गाव, तांबडं, सुकलेलं, आणि त्यात हजारभर मेंढरं. मधे तो एकटा, हातात एक काठी. सगळी एकदम आली असती तर त्यानं काय केलं असतं? काहीसुद्धा केलं नसतं. बाजूला झाला असता. झायद येत नव्हता तो काठीला भिऊन नव्हे. वरची भावकी अजून थांबलीय एवढं बघून तो थांबला होता. वरची भावकी थांबली होती ती झायद थांबलाय म्हणून. एकमेकांच्या थांबण्यावर सगळं उभं होतं, दगडावर दगड रचलेल्या ह्या आडोशासारखं, मधे चिखलाचा गोळासुद्धा नाही. यातला एक काढायचा, आणि बघायचं.

पलीकडच्या खोऱ्यात असंच एक अगदाल होतं. हद्दू तरणा होता तेव्हा तिथलं गवत इथल्यापेक्षा चांगलं. एका साली तिथल्या अमघारनं एका मोठ्या माणसाचं ऐकलं, फक्त त्याचं, फक्त आठ दिवस. आता तिथं दगड आहेत. तिथली माणसं शहरात ट्रक चालवतात, हमाली करतात. ती मात्र एकमेकांशी भांडत नाहीत. भांडायला काही राहिलेलंच नाही.

हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. हद्दूला कळत नव्हतं ते एवढंच, की ठाऊक असूनही माणूस मेंढा घेऊन कसा येतो.

*

इत्तो आली ती दुपारची. हद्दूची धाकटी बहीण. नवरा जाऊन बरीच सालं झाली, पोरबाळ नाही, घरात सहा शेळ्या. त्या शेळ्यांच्या दुधावर आणि लोकांच्या लोकरी पिंजून ती जगायची. हद्दूनं तिला लांबूनच ओळखलं, कारण ती चढावर कधी थांबत नसे.

आली, आडोशापाशी बसली, धाप गेली. हद्दूनं ताक दिलं. तिनं ते ठेवून दिलं.

"शेळ्या कशा हायत?" त्यानं विचारलं, आणि विचारल्याबरोबर त्याला कळलं की विचारायला नको होतं.

"उठत न्हाईत. दूध आटलंय. करडांना मी काल जवाची पेज पाजली, माझ्यातली."

हद्दूनं ताक परत तिच्यापुढं सरकवलं.

"तुझ्या माळ्यावर घास व्हता," इत्तो म्हणाली. "मला ठाऊक व्हतं, तू मला देशील. म्हनून मी कुनाकडं गेले न्हाय. परवा तूदाकडं गेले तर माळा झाडलेला. झायदनं नेला म्हनली. ज्याच्या घरी तीनशे मेंढरं, त्यानं नेला."

"त्यानं रक्त सांडलं."

"माझ्याकडं सांडायला काय न्हाय."

असं म्हणून तिनं डोईचं तांबडं फडकं सोडलं, त्याची घडी केली आणि त्याच्या पायापाशी, मातीवर ठेवलं. केस पिकले होते तिचे. हद्दूनं तिचे केस ती पोरगी असल्यापासून बघितले नव्हते. पिकलेत हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"ते उचल," तो म्हणाला.

"उचलायला ठेवलं न्हाय."

"इत्तो, मी घराचा उंबरा काढलाय. कशापायी काढलाय?"

"ठाऊक हाय मला. बहिनीला उंबरा लागत न्हाय."

खरं होतं ते. बाईनं डोईचं फडकं पायाशी ठेवलं की दहा मेंढ्यांच्या रक्ताहून जड. त्यात सख्खी बहीण. हम्मूनंही यातनं वाट काढली नसती. हद्दूनं वर कुरणाकडं बघितलं. सहा शेळ्या. त्या गवतात सहा शेळ्या म्हणजे काहीच नाही. कुणाला दिसणार नाहीत. दिसल्या तरी कोण बोलणार? विधवा बाई आहे, सगळे म्हणतील, बरं केलं. सगळे म्हणतील. आणि दुसऱ्या दिवशी ज्याच्या घरी विधवा बहीण आहे तो प्रत्येक जण तिच्या नावानं चाळीस मेंढरं हाकत येईल. गावात विधवा कमी नव्हत्या.

झायदला माळा दिला हे त्याला पहिल्यांदाच चूक वाटलं. रीत पाळायची म्हणून पाळली, आणि जिच्यासाठी ठेवायचं होतं तिच्यासाठी काही उरलं नाही.

"माझ्या मेंढ्यांतल्या दोन घे," तो म्हणाला. "बाजारात इक. आलेल्या पैशाचा चारा आन."

"तुझ्या मेंढ्यांच्या फासळ्या मी वाटंनं मोजत आले. त्या कोन घेतंय? आन् चारा कुठं मिळतोय बाजारात?"

"मग उरसापतूर थांब."

"शेळ्यांना सांग थांबा म्हनून. तुला सांगायला येतं की समद्यांना."

वारा गवतातनं जात होता, त्याचा आवाज दोघांना ऐकू येत होता. मग ती उठली. फडकं तिनं उचललं नाही. उघड्या डोक्यानं ती उतार उतरायला लागली.

खिंडीतनं गावात उतरणारी वाट सगळ्या धाब्यांवरनं दिसते. बायका वाळवण राखत होत्या, माणसं सावलीला बसली होती. हद्दूची बहीण पिकले केस वाऱ्यावर टाकून, रिकाम्या हातानं खाली येताना सगळ्या गावानं बघितली. तिला कुणी काही विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

त्यानंतर खिंडीत कुणी आलं नाही. फकीहचा निरोप आला नाही, गाभण गाढवी आली नाही, नवसाचा बकरा आला नाही. हद्दू रोज वाटेकडं तोंड करून बसायचा आणि वाट मोकळी असायची. त्याला बरं वाटायला हवं होतं. पण त्याला त्या सगळ्यांचा आणखीच राग यायचा. तो इतके दिवस घसा कोरडा करून सांगत होता ते त्यांना पटलं नव्हतं. त्याची बहीण बोडक्या डोक्यानं उतरल्यावर मात्र पटलं.

*

उरूस झाला. दुसऱ्या दिवशी दिस वर यायच्या आधीच तिन्ही भावक्यांचे कळप खिंडीखाली गोळा झाले. धूळ, मेंढरांचं बेंबें, शिव्या. हद्दूनं काठी आडवी धरली होती. सगळे आले हे बघितल्यावर त्यानं ती खाली केली, आणि कळप त्याच्या दोन्ही बाजूंनी वाहत वर गेले. गवत होतं. बी पडलेलं होतं. दुष्काळाच्या मानानं नाव ठेवायला जागा नव्हती, पण माणसांनी जागा काढली.

"आठ दिस आधी उघडलं असतं तर कवळं मिळालं असतं," एक जण जाता जाता म्हणाला.

"मधल्या भावकीची मेंढरं पुढं कशी गेली?" दुसरा म्हणाला. "ह्यो कसला अमघार?"

इत्तो सगळ्यात मागं होती. चार शेळ्या होत्या. दोन गेल्या होत्या, आणि करडं तर सगळीच गेली होती. डोईला तिनं जुनं, विटलेलं फडकं बांधलं होतं. हद्दूनं झग्यातनं तिचं तांबडं फडकं काढलं आणि पुढं केलं.

इत्तोनं शेळ्यांवरची नजर काढली नाही. "ठेव तुझ्याकडंच," ती म्हणाली. "उंबरा बसवशील तवा खाली घाल. नीट बसायचा न्हाय त्यो आता."

आणि तसंच झालं. हिवाळ्याच्या तोंडावर हद्दूनं दगड परत बसवला, पण भिंतीनं त्याची जागा विसरून टाकली होती. एका टोकाला पाय दिला की दुसरं टोक उचलायचं. माती घातली, चिपा घातल्या, तरी डुगडुगायचाच. येणारा प्रत्येक पाहुणा अडखळायचा, आणि तूदा आतनं म्हणायची, "जपून या, आमचा उंबरा हाललेला हाय." ते फडकं हद्दूनं खाली घातलं नाही. पेटीत ठेवलं. तूदानं एकदा बघितलं आणि पेटी लावून टाकली.

इत्तो थंडीत परत यायला लागली, विरजणाच्या निमित्तानं. आधी फक्त तूदाशी बोलायची, हद्दू चुलीच्या पलीकडं बसलेला असला तरी. मग एक दिवस चहाचा पेला त्याच्याकडं सरकवला. बोलणं तेवढंच.

वसंतात पाळी मधल्या भावकीची आली. निवडायचं वरच्या आणि खालच्या भावकीनं. खळ्याच्या कडेला कुजबुज झाली, तीत हद्दूही होता, आणि ह्या वेळी तो हसत होता. हम्मूनं ओल्या गवताची जुडी झायदच्या फेट्यात खोवली. शहरातल्या बुटांवर दूध सांडलं.

दोन दिवसांनी झायद हद्दूच्या दारात आला. उंबऱ्यावर पाय दिला, उंबरा डुगडुगला, तो चौकट धरून सावरला. आत चुलीपाशी तूदा भाकरी थापत होती, इत्तो लोकर पिंजत होती.

"हद्दू," झायद म्हणाला, "तुजी पहार हाय का रं?"

"कशाला?"

"लागती जरा. सकाळपास्नं चार मानसं गल्लीत उभी हायत. मेंढे घेऊन."

हद्दूनं कोपऱ्यातली पहार उचलली आणि त्याच्या हातात दिली. झायद वळला, तेवढ्यात इत्तोनं लोकर खाली न ठेवता विचारलं, "बहिनी किती रं तुला, झायद?"

झायद दारात थांबला. "पाच. का गं?"

"काय न्हाय," इत्तो म्हणाली आणि परत लोकर पिंजायला लागली. "ने ती पहार."